भांडणाची भरपाई

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या दोघांचं एकमत झालं असेल तर ते एकाच गोष्टीवर: समोरच्याला काही कळत नाही. हे म्हणायचे, तुला काही कळत नाही. मी म्हणायचे, तुम्हाला कशातलंच काही कळत नाही. मग नक्की कशातलं कळत नाही, ह्यावर जी जुंपायची ती जेवणाची ताटं वाढेपर्यंत. जेवताना आम्ही भांडत नसू. तोंडात घास असताना शब्द स्पष्ट येत नाहीत, आणि अस्पष्ट भांडण मला पहिल्यापासून आवडत नाही.

ह्यांचा आवाज मोठा. त्यात ह्यांचा दोष नाही, नोकरीच तशी होती. वीजकेंद्रात बॉयलरपाशी गरम पाइपांवर अस्तर चढवायचं काम. पोत्यातली पांढरी भुकटी पिंपात ओतायची, पाणी घालून कणीक मळावी तशी हातांनी मळायची, पाइपावर थापायची, वरून जाड कापड गुंडाळून तारेने शिवून टाकायचं. जुनं अस्तर हातोडीने फोडून काढताना तर समोरचा माणूस दिसायचा नाही. आणि आवाज असा, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पक्कड मागायची तरी बोंब मारावी लागे. तिथे ह्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत. भोंगा घरी आला तरी भोंगाच राहिला. अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे मलाही आवाज कमवावा लागला. मी मूळची हळू बोलणारी आहे, पण हे आता कुणाला सांगायची सोय नाही. लोक हसतात.

ती पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. कंपनी म्हणायची, काही होत नाही, धुळीने कोण मेलंय. जेवणाच्या सुट्टीत हे आणि ह्यांचे सोबती त्या ओल्या भुकटीचे गोळे करून एकमेकांना मारायचे. घरी यायचे ते गिरणीतून पीठ दळून आल्यासारखे. मी गॅलरीत उभी राहून ह्यांचे कपडे झटकायचे आणि ह्यांना बोलायचे, हे बोलायचे, आणि खालून जाणारे लोक वर बघायचे.

नोकरी संपून बरीच वर्षं झाल्यावर ह्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. हे म्हणाले, जिन्याच्या पायऱ्या उंच केल्यात. तपासण्या झाल्या. छातीतून सुईने पाणी काढलं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की फुफ्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झालाय, आणि तो त्या भुकटीनेच झालाय. बरा होणारा नाही, पण त्रास कमी करता येईल. आम्ही दोघं खोलीबाहेर आलो आणि लिफ्ट कुठल्या हाताला आहे ह्यावर भांडलो. दुसरं काय करणार होतो? रडायचं तर तिथे बसायला बाकसुद्धा नव्हतं.

कपडे मी झटकत होते म्हणून डॉक्टरांनी माझीही छाती तपासायला लावली. ती स्वच्छ निघाली. हे म्हणाले, “एवढा व्यायाम मिळालाय तिच्या फुफ्फुसांना, त्यांना काय होतंय.” डॉक्टर हसले. मी नाही हसले, निदान डॉक्टरांसमोर तरी.

कंपनीवर दावा घालायची कल्पना आमच्या लेकीची. तिनेच वकीलबाई शोधून आणल्या. वकीलबाई तिच्याच वयाच्या, चणीने लहान, पण बोलायला लागल्या की मध्ये श्वास घ्यायचा असतो हे विसरून जाणाऱ्या. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की आपलं मागणं तीन गोष्टींचं आहे. एक औषधपाण्याचा खर्च. तो कंपनी मुकाट्याने देईल. दुसरं काकांनी सोसलेल्या वेदनेची भरपाई. आणि तिसरं काकूंचं.

“माझं काय?” मी विचारलं.

नवऱ्याच्या आजारपणामुळे बायकोच्या वाट्याचा सहवास जातो, त्याचीही भरपाई मागता येते, असं त्या म्हणाल्या. त्यावर हे खुर्चीतून म्हणाले, हिचं काय गेलंय, उलट आता मी दिवसभर घरात असतो. मी म्हटलं, तेच तर नुकसान. वकीलबाईंनी हसत हसत पेन बंद केलं.

पुढे जे झालं त्याला आमची घरची रीत कारण झाली. आमच्याकडे पाहुण्यासमोर भांडायचं म्हणजे त्याला घरचा मानायचं. परक्यासमोर आम्ही दोघंही अगदी सभ्य असतो, एकमेकांकडे बघतसुद्धा नाही. जावयाने पहिल्यांदा आमचं भांडण ऐकलं तेव्हा तो घाबरून उठला होता. लेकीने त्याला सांगितलं, बस, तू पसंत पडलास.

तर ह्यांना जिने उतरवेनात, म्हणून कंपनीचे वकील जबानी घ्यायला घरी आले, सोबत टिपून घेणारा कारकून. आमच्या वकीलबाईही होत्या. कंपनीचा वकील म्हणजे कसा राक्षस असेल अशी माझी कल्पना. निघाला इतका मऊ बोलणारा, की मनातल्या मनात मी त्याचं नाव लोणी ठेवलं. आल्याबरोबर चपला काढल्या, चहा मागून घेतला, ह्यांच्या उशीमागचा तक्क्या सरळ केला. पंधरा मिनिटांत तो आम्हाला घरचा वाटायला लागला. इथेच घात झाला.

त्याने ह्यांना विचारलं, फार दुखतं का. हे म्हणाले, छे, थोडंसं. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, थोडंसं? कूस बदलता येत नाही आणि म्हणे थोडंसं. हे म्हणाले, छाती माझी आहे का तुझी? मी बाहेर येऊन म्हटलं, छाती तुमची, पण कण्हणं माझ्या कानाशी चालतं. मग कुठल्या बाजूला दुखतं ह्यावर वाजलं. हे म्हणाले उजव्या, मी म्हटलं डाव्या. हे म्हणाले, तू समोरून बघतेस म्हणून तुला डावी वाटते. मी म्हटलं, शेक मी देते, मला बाजू शिकवू नका. तेव्हा ह्यांच्या अंगात अजून थोडी धुगधुगी होती, चार वाक्यं सलग यायची. वकीलबाई मला डोळ्यांनी खुणावत होत्या. मला वाटलं त्यांना आणखी चहा हवाय. कारकून मान खाली घालून लिहीत होता. लोणी मान डोलवत होता आणि मध्येच म्हणत होता, असं? आणि मग? सगळे गेल्यावर मी लेकीला फोन करून सांगितलं, माणूस कंपनीचा आहे, पण किती चांगला.

त्यानंतर कंपनीचं उत्तर आलं. वकीलबाई ते घेऊन घरी आल्या आणि वाचायच्या आधी म्हणाल्या, काकू, खाली बसा. मी उभीच राहिले. औषधांचा खर्च कंपनीला मान्य होता. वेदनेबद्दल तिचं म्हणणं, खुद्द आजारी माणूसच थोडंसं दुखतं असं सांगतो. आणि माझ्याबद्दल लिहिलं होतं, की पती-पत्नींमध्ये कायमचा कलह होता, ही गोष्ट त्यांच्या वर्तनावरून आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून स्पष्ट दिसते. सहवास मुळातच सुखाचा नव्हता, त्यामुळे त्याचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही.

मी पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे गेले चुलीत. ह्या लोकांनी माझ्या नवऱ्याची छाती घेतली ती घेतलीच, आणि आता मागे जाऊन आमचा सगळा संसार पुसून टाकायला निघाले होते. नव्हताच म्हणे. इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते? त्या क्षणापासून मला त्या खटल्यातून एकच गोष्ट हवी होती: कोर्टाने म्हणायला हवं, की ह्या बाईचं काहीतरी होतं आणि ते गेलं. मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, ऐकलंत का हे काय लिहितात? हे म्हणाले, “लिहू दे.”

आता शेजारी म्हणजे कोण, हे विचारायला नको होतं. आमच्या बरोबर खाली घड्याळवाल्यांचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर चिमट्याने चक्रं उचलत असतात. मी तशीच खाली गेले आणि त्यांना म्हटलं, काय हो, आमचं मीठ खाल्लंत आणि हे केलंत? त्यांनी भिंग काढलं. म्हणाले, “वहिनी, त्यांनी विचारलं भांडतात का. मी म्हटलं भांडतात. खोटं कसं सांगू? खाली रस्त्यावरच्या माणसालाही ठाऊक आहे.”

ते खरं होतं, म्हणूनच मी आवाज चढवायच्या तयारीत होते. तेवढ्यात ते म्हणाले, की आताशा वरून भांडण ऐकू येत नाही. पूर्वी तुमचा आवाज असायचा, आता दुकानात घड्याळांची टिकटिक ऐकू येते, आणि खरं सांगायचं तर ती ऐकून कंटाळा येतो. मी म्हटलं, टिकटिक नको असेल तर दुसरा धंदा करायचा होता. आणि जिना चढून वर आले. पण ते बोलणं काही डोक्यातून जाईना.

सुनावणीची तारीख लवकरची मिळाली, कारण ह्यांची तब्येत बघता थांबण्यात अर्थ नव्हता. वकीलबाईंनी आम्हाला तंबी दिली. त्या दिवशी दोघांनी गोड बोलायचं. गोड जमत नसेल तर बोलायचंच नाही. विचारलं तर सांगायचं, की चार घरांत होतात तसे किरकोळ मतभेद, बाकी काही नाही. हे सांगून त्या गेल्या आणि लेकीने तालीम सुरू केली. ती झाली लोणी. खुर्चीत पाय आवळून बसली आणि मऊ आवाजात मला विचारू लागली, बाई, तुमच्यात वाद होत असत का? मी म्हणायचं, नाही हो, किरकोळ मतभेद. मला ‘किरकोळ’पाशी हसू फुटायचं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडं. लेक चिडायची, पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावायची.

ह्यांची पाळी आली. लेकीने विचारलं, आई म्हणते ते खरं आहे का? हे म्हणाले, “हो. ती म्हणते ते बरोबर.”

अगदी सरळ म्हणाले. हसले नाहीत, भुवई वर नाही, काही नाही. लेक खूश. “बघ, बाबांना जमलं. शीक काहीतरी.”

मी मात्र चरकले. ‘ती म्हणते ते बरोबर’ हे वाक्य ह्यांच्या तोंडून मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. आणि ते ह्यांनी तालीम म्हणून म्हटलेलंच नव्हतं, हे माझ्या हळूहळू लक्षात येत गेलं. गेले कित्येक दिवस हे असंच बोलत होते. सकाळी मी म्हटलं होतं खिडकी लावते, हे म्हणाले बरं. काल म्हटलं होतं केस कापायला माणूस बोलावते, हे म्हणाले बोलाव. मी आपली माझ्या नादात बोलत होते आणि भांडण चालू आहे असं समजत होते. एका हाताने टाळी वाजवत बसले होते.

मग मी मुद्दाम काड्या टाकून बघितल्या. बिनसाखरेचा चहा दिला आणि विचारलं, कसा झालाय? छान. ह्यांच्या थोरल्या भावाची अक्कल ह्यांच्यापेक्षा जास्त होती असं म्हटलं. असेल. शेवटी मी ती गोष्ट काढली जी काढली की पूर्वी भांडी पडायची. म्हटलं, काय ते तुमचं अस्तराचं काम, नुसतं लिंपण. माती असती तर मीसुद्धा केलं असतं.

हे खिडकीकडे बघत म्हणाले, “हो.”

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. इतकी रडले की नळ जास्त वाहतोय का मी, कळेना. दुखणं मला सोसत होतं. ती नाकातली नळी, खोकल्याने वाकणारी पाठ, सगळं मी बघत होते आणि करत होते. पण मला वाटलं, ह्या माणसाने आता मला सोडून दिलं. अजून खुर्चीत बसलाय, अजून चहा पितोय, पण माझ्याशी भांडायला येत नाही. मी कोणाला सांगणार हे? नवरा माझं ऐकतो हो, अशी तक्रार घेऊन कुठे जायचं असतं?

सुनावणीच्या दिवशी जावयाने आणि घड्याळवाल्यांनी मिळून ह्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. हो, घड्याळवाल्यांनीच. साक्ष विरुद्ध पक्षाची, पण खांदा आमचा. मी त्यांना म्हटलं, जपून, तुमच्या घड्याळासारखे सुटे भाग परत जोडता येत नाहीत. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही पुढे चला बघू.

कोर्टाची खोली मी समजले होते त्यापेक्षा बरीच लहान. भिंतीला फायलींची कपाटं, वर पंखा, खिडकीतून दिसणारी दुचाक्यांची रांग. न्यायाधीश वयस्कर होते, गोळी चघळल्यासारखं तोंड हलवत ऐकायचे आणि मध्ये अजिबात बोलायचे नाहीत. हा गुण मी फार कमी पुरुषांत पाहिलाय. ह्यांची खुर्ची भिंतीशी लावली, शेजारी प्राणवायूचं नळकांडं.

आधी घड्याळवाले. लोण्याने विचारलं, हे दांपत्य भांडत असे का? म्हणाले, भांडत असे. रोज? रोज. मोठ्याने? म्हणाले, साहेब, ह्यांचं सकाळचं भांडण सुरू झालं की मी दुकान उघडायचो, घड्याळ बघायला लागत नसे. कोणीतरी हसलं. लोण्याने त्यांना तिथेच थांबवलं आणि बसायला सांगितलं.

मग मी. लोण्याने आधी मला पाणी हवं का विचारलं. मग अगदी जावयासारखा म्हणाला, की तुमच्यात फक्त किरकोळ मतभेद होते, असं तुमचं म्हणणं आहे ना? वकीलबाईंनी मला मान हलवून धीर दिला. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण त्याला काय वाटलं कोण जाणे, तो माझ्या उत्तराआधीच ह्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्हालाही तसंच म्हणायचं असेल?”

हे म्हणाले, “हो.”

तेच ते ‘हो’. घरातलं, खिडकीकडे बघत म्हटलेलं. ते त्या परक्या खोलीत ऐकलं आणि माझा ताबा सुटला. तालीम, तंबी, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

“खोटं आहे,” मी म्हटलं. “आम्ही रोज भांडत होतो. घड्याळवाले कमीच सांगतायत, त्यांचं दुकान दुपारी बंद असतं.”

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. लोणी मागे टेकून बसला. त्याचं काम झालं होतं. पण मला एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही, हे त्याला आमच्या घरी बसून चहा पिऊनही कळलं नव्हतं.

मी न्यायाधीशांना म्हटलं, “साहेब, मला दुसऱ्या कुणाशी असं भांडता येत नाही. लेक रागावते, जावई घाबरतो, शेजारी दार लावून घेतात. ह्या एकाच माणसाशी मी मनात येईल ते बोलले, आणि ह्यांनी एकदाही मनाला लावून घेतलं नाही. उलट उत्तर दिलं. रोज सकाळी उठून मला वाटायचं, आज ह्यांना गप्प करून दाखवते. कधी जमलं नाही. आणि आता हे सगळ्याला हो म्हणतात. ह्यांच्या कामाला मी लिंपण म्हटलं तरी हो म्हणाले. ह्या कंपनीने माझा भांडणारा माणूस नेला आणि त्याच्या जागी हा होयबा आणून बसवला. मला हा नको आहे. माझा परत देता येत नसेल तर नका देऊ, पण तो नव्हताच असं लिहू नका.”

मला एकदम लाज वाटली आणि मी पदर नीट केला. न्यायाधीशांनी तोंड हलवणं थांबवलं होतं. ते ह्यांच्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या पत्नी म्हणतात ते तुम्हाला मान्य आहे?”

मी बघितलं नाही. मला उत्तर माहीत होतं.

“नाही,” हे म्हणाले.

मी वळले. वकीलबाईंनी डोळे उघडले. लोणी पुन्हा पुढे सरकून बसला. न्यायाधीशांनी विचारलं, काय मान्य नाही? ह्यांनी हाताने खूण केली, थांबा म्हणून. दोन-तीन श्वास घेतले. मग एकेक वाक्य तोडून, मध्ये थांबत बोलायला लागले.

“एक तर, अस्तर म्हणजे लिंपण नव्हे.” थांबले. खोलीत खसखस पिकली. “दुसरं. मी होयबा नाही. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं. हिला एका कारणात भागत नाही.” पुन्हा थांबले. “जास्त बोललो की खोकला येतो. खोकला आला, की ही गप्प होते. घाबरते. मग तासभर बोलत नाही.”

श्वास पुरेना. लेक पुढे झाली, तिला ह्यांनी हातानेच मागे सारलं.

“वकीलसाहेबांनी विचारलं होतं, दुखतं का. छातीचं काही नाही, ते थोडंसंच. ही गप्प बसते ना, ते मला सोसत नाही. म्हणून हो म्हणतो. हो म्हटलं, की ही बोलत राहते.”

आणि मग खोकला आलाच. हे खुर्चीत वाकले, लेक धावली, कोणीतरी पाणी आणलं. मी जागच्या जागी उभी होते. आणि त्या क्षणी मला दिसलं की हे वाकल्या वाकल्या मान वर करून माझ्याचकडे बघतायत, आणि मी गप्प आहे.

निकाल लागायला थोडे दिवस गेले. वकीलबाई तो ऐकवायला घरी आल्या, धापा टाकत, जिन्यातूनच ओरडत. रक्कम त्यांनी सांगितली. लेकीने ती पुन्हा विचारून घेतली, मी नाही. मी म्हटलं, माझं काय लिहिलंय ते वाचा. त्यांनी वाचलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की ह्या दांपत्याच्या बाबतीत वाद हाच सहवास होता, तो दीर्घकाळ अखंड चालू होता, आणि कंपनीच्या हलगर्जीपणामुळे तो हिरावला गेला. पत्नीचं नुकसान खरं आहे. पतीच्या वेदनेतही पत्नीच्या गप्प बसण्याची वेदना धरली पाहिजे. वकीलबाई म्हणाल्या, की असलं काही आम्हाला शिकवलं नव्हतं, आणि डोळे पुसून चहा प्यायल्या. जाताना दारात म्हणाल्या, “काकू, तुम्ही माझं ऐकलं असतं तर आपण हरलो असतो.” मी म्हटलं, माझ्या आईलाही हे उशिराच कळलं.

त्या गेल्या, लेक त्यांना सोडायला खाली गेली. दुपारचं ऊन गॅलरीतून आत आलं होतं. हे आणि मी दोघंच. ह्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, आगाऊ हसू होतं, जे बघितलं की माझं डोकं फिरतं.

“माझ्यामुळे,” हे म्हणाले. श्वास घेतला. “जिंकलो.”

“तुमच्यामुळे? तुम्ही तर हो म्हणून मोकळे झाला होतात.”

“तू तर,” श्वास, “खटला घालवला होतास. मी सावरला. तुला काही कळत ना—”

खोकला आला. मोठा आला. हे पुढे वाकले, मी उठून पाठीवर हात ठेवला. तोंड मिटून घ्यावं आणि डोळे घट्ट बंद करावेत असं वाटत होतं, नेहमीसारखं. पण मी बोलायला लागले. पाठीवरून हात फिरवत मी म्हटलं, की सावरला म्हणे, मोठे आले सावरणारे, कोर्टात भरल्या खोलीत शहाणपण सुचतं आणि घरात तोंडाला कुलूप, इतके दिवस मला बिनसाखरेचा चहा करायला लावलात, आणि थोडंसं दुखतं असं त्या लोण्याला सांगून अर्धा खटला तुम्हीच त्याच्या घशात घातला होतात, ते कोण विसरलंय, आणि थोरल्या भावजींबद्दल बोलले ते मी अजूनही मागे घेतलेलं नाही. माझा आवाज मध्येच फाटत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी बोलणं सोडलं नाही. खोकला चालू होता आणि मीही चालू होते. खालच्या दुकानातून कोणीतरी रस्त्यावर येऊन वर बघत होतं.

हळूहळू खोकला ओसरला. ह्यांनी डोळे पुसले, मागे टेकले आणि एक बोट वर केलं. थांब, असं.

मी थांबले. श्वास परत यायला वेळ लागत होता, पण मी काही बोलले नाही, कारण आता पाळी ह्यांची होती.